कोऱ्या कागदाचे मिथक

१

शालेय कलाशिक्षणाविषयी मराठीत जे लेखन होते त्यात एक विधान इतक्या वेळा आणि इतक्या निश्चिंतपणे येते, की ते सिद्ध करावे लागेल असे कोणालाच वाटत नाही. मूल जन्मतः सर्जनशील असते; शाळा त्याच्यावर बंधने लादते; ही बंधने दूर केली की सर्जनशीलता आपोआप वाहू लागते, असे ते विधान. या विधानातून निघणारी अध्यापनपद्धतीही ठरलेली आहे. मुलांपुढे कोरा कागद ठेवावा, ‘तुम्हाला हवे ते काढा’ किंवा ‘मनात येईल ते लिहा’ असे सांगावे आणि शिक्षकाने बाजूला व्हावे. ही पद्धत उदार दिसते, म्हणून तिची चिकित्सा करणारा अनुदार ठरतो. घोकंपट्टीला विरोध करण्याच्या भरात तिच्याविरुद्धचा प्रत्येक आक्षेप हा जणू छडीचाच पुरस्कार आहे, असे मानले जाते.

येथे मांडायचे प्रमेय असे, की इयत्ता सहावी ते आठवीच्या, म्हणजे साधारण अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांच्या बाबतीत कोरा कागद हे स्वातंत्र्य नसून स्वातंत्र्याचा आभास आहे. आणि नेमकी, माध्यमातून निघालेली व मुलाला स्वतः तपासता येईल अशी मर्यादा हीच या वयात कलाविषयक विचाराची सुरुवात होय. मात्र याच्याच जोडीला दुसरे प्रमेयही तितक्याच आग्रहाने मांडणे भाग आहे. मराठी शाळेत आज मर्यादा म्हणून जे ओळखले जाते ते बहुतांशी मर्यादा नसून नमुना आहे. आणि नमुन्याचा बचाव मर्यादेच्या नावाने करणे ही कोऱ्या कागदाच्या भक्तीइतकीच लबाडी आहे.

२

मुक्त अभिव्यक्तीच्या पक्षाची वंशावळ साधारणपणे रूसोपासून सांगितली जाते. ‘एमिल’ (१७६२) हा ग्रंथ त्याचे आद्यपीठ. परंतु त्याच ग्रंथात चित्रकलेसंबंधी रूसो जे सांगतो ते या पक्षाला अडचणीचे आहे. एमिलला चित्रकलेचा शिक्षक नको, निसर्ग हाच त्याचा शिक्षक, असे म्हणून रूसो थांबत नाही. दुसऱ्याच्या चित्रावरून चित्र काढायचे नाही आणि वस्तू समोर नसताना केवळ स्मरणावरून काही रेखाटायचे नाही, असे दोन निर्बंध तो घालतो. पहिल्या निर्बंधाने अनुकरणाची वाट बंद होते, दुसऱ्याने सवयीची. मुलापुढे उरते ती वस्तू आणि तिच्याकडे पाहण्याचे काम. स्वातंत्र्याचा उद्गाता मानलेल्या लेखकाने मुलाला मोकळे सोडलेले नाही, तर त्याची अडचण मोठ्या कौशल्याने योजलेली आहे.

व्हिएन्ना येथे १८९७ पासून मुलांचा कलावर्ग चालवणारे फ्रांझ चिझेक यांच्याविषयीही असेच म्हणता येते. बालकलेचे ते जनक मानले जातात. तरी त्यांच्या वर्गात विषय दिले जात आणि कागद कापून चित्र घडवणे, लिनोकट अशी हट्टी माध्यमे मुलांच्या हाती ठेवली जात. कात्रीला छटा माहीत नसते. लिनोवर एकदा कोरलेली रेघ पुसता येत नाही. मुलांच्या चित्रांतील ज्या ठसठशीतपणाचे कौतुक ‘सहजस्फूर्त’ म्हणून झाले त्याचा काही भाग तरी या माध्यमांच्या हट्टाला द्यावा लागेल.

या प्रश्नाची तात्त्विक बाजू कांटने १७९० मध्येच निकालात काढली होती. सौंदर्यनिर्णयाच्या मीमांसेत, कलेचे स्वरूप सांगताना त्रेचाळिसाव्या कलमाच्या अखेरीस तो बजावतो, की मुक्त कलांमध्येही काहीतरी सक्तीचे, यंत्रवत् असे असावेच लागते. ते नसेल तर कलेतील चैतन्याला देहच मिळणार नाही. उदाहरण म्हणून तो काव्यातील छंद आणि भाषेची अचूकता पुढे करतो. हा इशारा तो कोणाला देतो, तर सर्व सक्ती काढून घेतली आणि श्रमाचा नुसता खेळ केला म्हणजे कला फुलते असे मानणाऱ्या त्याच्या काळातील नव्या शिक्षकांना. कांटच्या ‘मुक्त क्रीडे’चा हवाला देऊन कोऱ्या कागदाचे समर्थन करणाऱ्या मराठी अभ्यासकांच्या नजरेतून हे कलम निसटावे, हे नवल आहे. रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’ने (१९७४) कांट मराठीत सविस्तर आणला, त्यालाही आता अर्धे शतक लोटले.

३

परंतु तात्त्विक अधिकाराने प्रश्न सुटत नाही. नेमक्या याच वयात मर्यादेची गरज का, हे दाखवले पाहिजे.

व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ च्या आपल्या ग्रंथात मुलांच्या चित्रनिर्मितीचे टप्पे मांडले. नऊ ते बारा या वयात वास्तवाची जाणीव जागी होते आणि बारा ते चौदा या वयात मूल आपल्या चित्राकडे टीकाकाराच्या नजरेने पाहू लागते. सहा वर्षांच्या मुलाला आपला हत्ती हत्तीसारखा दिसत नाही याची खंत नसते. बारा वर्षांच्या मुलीला ती असते. तिची नजर हाताच्या पुढे गेलेली असते. ‘मला चित्र येत नाही’ हे वाक्य प्रथम याच वयात ऐकू येते आणि बहुसंख्य माणसांच्या बाबतीत ते आयुष्यभर टिकते. विगोत्स्की यांनीही १९३० मध्ये, बालपणातील कल्पनाशक्तीचा विचार करताना, या वयात चित्रांची ओढ ओसरते याची नोंद केली होती. कल्पना शून्यातून काही घडवत नाही, अनुभवातून आलेल्या घटकांची ती नवी जुळणी करते, हा त्यांचा मुख्य सिद्धान्तही येथे महत्त्वाचा आहे.

अशा मुलीपुढे कोरा कागद ठेवला म्हणजे काय होते? तिच्याजवळ एकच निकष असतो, तो सादृश्याचा. आणि त्या निकषावर ती नापास होणार हे तिला आधीच ठाऊक असते. म्हणून ती जोखीम टाळते. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, एक नदी, एक झोपडी आणि आकाशात चारच्या आकड्यासारखे पक्षी असे ते चित्र महाराष्ट्रातील कोणत्याही शाळेच्या भिंतीवर पाहता येते. ‘हवे ते काढा’ या आज्ञेचे हे उत्तर आहे. संपूर्ण स्वातंत्र्यातून इतकी संपूर्ण एकरूपता निघावी, यात आश्चर्य काहीच नाही. जेथे काहीच नाकारलेले नसते तेथे हाताला सवयीचे असते तेच प्रथम येते.

आता त्याच मुलीला पेन्सिल न देता एक काळा आणि एक पांढरा कागद द्यावा, रेघ काढायची नाही, कागद फक्त फाडायचा, असे सांगावे आणि दुपारच्या सुट्टीतील मैदान दाखवायला सांगावे. सादृश्याचा निकष येथे गैरलागू होतो. फाडलेल्या कागदातून हुबेहूब चेहरा निघणार नाही हे सर्वांना मान्यच असते, म्हणून तो न निघण्याची लाज उरत नाही. तिच्यापुढे वेगळे प्रश्न येतात. गर्दी कशी दाखवावी? तुकडे जवळ आणून, की एकमेकांवर चढवून? एकटे बसलेले मूल कोणते हे कशावरून कळेल? उन्हासाठी पांढरा कागद वापरला तर मुलांसाठी काय उरते? बा. सी. मर्ढेकरांनी ज्यांना लयीची तत्त्वे म्हटले ते संवाद, विरोध आणि समतोल या वर्गात कोणी फळ्यावर लिहिलेले नाहीत. पण प्रत्येक तुकडा ठेवताना त्यांचाच निवाडा चालू असतो. मर्यादेचे कार्य ते हेच. ती निकष बदलते. ‘हे खऱ्यासारखे झाले का?’ या प्रश्नाच्या जागी ‘हे येथे चालते का?’ हा प्रश्न ती आणून ठेवते. आणि हा दुसरा प्रश्न कलेचा आहे.

बाउहाउसमधील योसेफ आल्बर्स यांच्या पाठाची हकीकत प्रसिद्ध आहे. विद्यार्थ्यांना वर्तमानपत्राचे कागद देऊन, काही वाया न घालवता, कागदाचे गुण ओळखून त्यातून काही घडवा, असे त्यांनी सांगितले. कोणी किल्ले केले, कोणी विमाने, कोणी मुखवटे. आल्बर्सनी पसंत केली ती एक साधी घडी. लांबीत दुमडून कागद पडद्यासारखा उभा केलेला होता. मऊ कागदाला घडीने ताठपणा येतो, आणि एरवी पडून राहणारा कागद उभा राहिला की त्याच्या दोन्ही बाजू आणि कडा दिसू लागतात, हा शोध त्या घडीत होता. किल्ला दगडाचाही झाला असता. घडी कागदाचीच होती.

४

चित्रकलेबाबत जे खरे ते भाषेबाबत अधिकच खरे आहे. भाषा हे माध्यम मुलाला इतके परिचित असते, की ते माध्यम आहे हेच त्याला दिसत नाही. ‘आजीवर चार ओळी लिहा’ असे सातवीच्या वर्गाला सांगितले, तर माया, प्रेम, सुरकुत्या आणि गोष्टी यांची यादी येईल. तेथे एकच अट घालावी: प्रत्येक ओळीत आठच अक्षरे. समजा, एका मुलाला सुचले, ‘आजीच्या हातची भाकर’. बोटांवर मोजता अक्षरे नऊ भरतात. एक अक्षर काढावे लागणार. ‘आजीच्या हाती भाकर’ केले तर आठ होतात. पण अर्थ बदलतो. ‘हातची’ म्हणजे तिने केलेली. ‘हाती’ म्हणजे तिने धरलेली. ‘आजी थापते भाकर’ हीही आठच अक्षरे. परंतु येथे हात अदृश्य झाला आणि त्याची जागा क्रियापदाने घेतली. त्या मुलाला आजीविषयी नेमके काय म्हणायचे आहे हा प्रश्न त्याला प्रथमच पडतो, आणि तो पडतो एका जादा अक्षरामुळे. संवेदनशीलतेवरचे कोणतेही प्रवचन हे काम करू शकत नाही.

दुसरे उदाहरण याहून साधे आहे. पावसाचे वर्णन करायचे, पण ‘आहे’ आणि त्याची रूपे वापरायची नाहीत. ‘रस्त्यावर पाणी आहे’ हे वाक्य बंद झाले. मग पाणी साचते, तुंबते, वाट अडवते, दाराशी येऊन थांबते. शालेय निबंधातील निर्जीवपणाचे मोठे कारण हे अस्तित्ववाचक क्रियापद आहे. परंतु ‘जिवंत लिहा’ असे सांगून जिवंत लिहिता येत नाही. एक दार बंद केले की दुसरी दारे शोधणे भाग पडते.

यात परके असे काही नाही. दंडीच्या ‘दशकुमारचरिता’त मंत्रगुप्त आपली कथा ओष्ठ्य वर्णांशिवाय सांगतो, कारण प्रियेच्या दंतक्षताने त्याचे ओठ दुखावलेले असतात. रचनेच्या बंधनाला कथेतच कारण मिळालेले आहे. मोरोपंतांच्या अष्टोत्तरशत रामायणांत निरोष्ठ रामायण आहे आणि त्रयोदशाक्षरी राममंत्र ओळीने गुंफणारे मंत्ररामायणही आहे. पॅरिसमध्ये १९६० साली रेमों केनो आणि फ्रान्स्वा ल् लियोने यांनी स्थापलेल्या ‘उलिपो’ गटाचे कौतुक मराठी अभ्यासक आज करतात. त्यांतल्या झॉर्झ पेरेक यांनी फ्रेंचमधील सर्वाधिक वापरातला स्वर टाळून १९६९ मध्ये एक अख्खी कादंबरी लिहिली. पेरेक यांचे वडील युद्धात पडले, आई आउश्विट्झला नेली गेली. नाहीशा झालेल्या त्या अक्षरात या नाहीशा झालेल्या माणसांची सावली अनेक समीक्षकांना दिसली आहे. मात्र मोरोपंतांचे नाव निघताच हेच अभ्यासक ‘शब्दकसरत’ एवढा एकच शब्द उच्चारतात. परदेशी बंधन ‘प्रयोग’ ठरते आणि घरचे ‘कृत्रिमता’. समीक्षेतील या दुटप्पीपणाचे मूळ शाळेत आहे, हे पुढे दिसेल.

५

मर्यादेविरुद्धचे तीन आक्षेप गंभीर आहेत. ते टाळून पुढे जाणे अप्रामाणिक होईल.

पहिला आक्षेप मम्मटाचा. ‘काव्यप्रकाशा’त चित्रकाव्याला सर्वांत खालची पायरी दिलेली आहे. ज्या रचनेत व्यंग्य नाही, केवळ शब्दार्थांची चमत्कृती आहे, ती अवर होय. हा निवाडा मान्यच करावा लागतो. मात्र तो बंधनाविरुद्ध नसून बंधनापाशी थांबण्याविरुद्ध आहे. मोरोपंतांनी निरोष्ठ रचना केली तशी पृथ्वी वृत्ताचे बंधन स्वीकारून ‘केकावली’ही लिहिली, आणि तिला कोणी कसरत म्हणत नाही. शिवाय सातवीतल्या मुलाची आठ अक्षरे हे काव्य म्हणून पुढे केलेलेच नसते. ते काव्याच्या जवळ नेणारे काम आहे. गायकाच्या पलट्यांना मैफलीचा निकष कोणी लावत नाही.

दुसरा आक्षेप आधुनिकतेचा. मराठी कविता छंदाच्या जोखडातून सुटली ती मोठ्या संघर्षानंतर. मग मुलांना पुन्हा अक्षरे मोजायला का लावायची? या आक्षेपाला मराठी कवितेचा इतिहासच उत्तर देतो. मुक्तछंदाचे प्रवर्तक म्हणून ओळखले जाणारे कवी अनिल ‘भग्नमूर्ती’नंतर (१९४०) जेथे पोहोचले तो टप्पा आहे ‘दशपदी’ (१९७६). दहा ओळींचा नियम त्यांनी स्वतःच स्वतःवर घालून घेतला. विंदा करंदीकरांनी सुनीताचे बंधन सैल केले, पण चौकट ठेवून ‘मुक्तसुनीत’ लिहिले. मर्ढेकरांनी ‘काही कविता’मध्ये (१९४७) यंत्रयुगाची भेदकता ओवी-अभंगाच्या साच्यात घातली, आणि त्या जुन्या घाटाशी झालेल्या घर्षणातूनच तिची धार निघाली. मुक्तछंद ही बंधने जाणणाऱ्याने केलेली निवड होती. ज्या मुलाला कोणतेच बंधन ठाऊक नाही त्याच्या विस्कळित ओळींना मुक्तछंद म्हणणे हा मुक्तछंदाचा अवमान आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा, कारण त्यात न्यायाचा प्रश्न आहे. घाट, वृत्त, नियम यांच्या नावाखाली मराठी शाळेने पिढ्यान्‌पिढ्या एका वर्गाची भाषा हीच भाषा मानली. ज्या मुलांची बोली वर्गात येताच दुरुस्त केली जाते त्यांच्यावर आणखी बंधने कशासाठी? नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ने (१९७२) जे मोडले ते पुन्हा जोडायचे काय? या आक्षेपातील संताप रास्त आहे. पण त्याचे लक्ष्य चुकले आहे. प्रमाणभाषेचा आग्रह ही मर्यादा नव्हे, ती मनाई आहे. ती माध्यमाला लागू होत नाही, बोलणाऱ्याला लागू होते. आठ अक्षरांची अट कोणाच्या घरची बोली विचारत नाही. ‘भाकर’ आणि ‘भाकरी’ यांतला फरक तिला फक्त कान्यामात्रांचा आणि लयीचा वाटतो, शुद्धाशुद्धाचा नाही. चोखामेळा आणि सोयराबाई यांनी विठ्ठलाला जाब विचारला तो अभंगातच. जात्यावरची ओवी निरक्षर बायांनीच पिढ्यान्‌पिढ्या घडवली, आणि बहिणाबाई चौधरींचे (१८८०–१९५१) सारे विचारधन त्याच वळणाने आले. घाट हा अभिजनांची मालमत्ता आहे असे मानणे म्हणजे इतिहासातील त्यांची दांडगाई कायदेशीर ठरवणे होय. खरा अन्याय घाट शिकवण्यात झालेला नाही. तो काहींना हाताळायला आणि इतरांना फक्त पाठ करायला देण्यात झाला आहे.

६

येथपर्यंतच्या विवेचनाने नियमप्रिय शिक्षक सुखावला असेल तर त्याचा तो आनंद अकाली आहे. शाळेत आज चालते ते मर्यादेचे अध्यापन नव्हे. मर्यादा प्रश्न देते आणि उत्तर मोकळे ठेवते. नमुना उत्तर देतो आणि प्रश्न पुसून टाकतो. मराठी शाळा नमुन्यांवर चालते.

वारली चित्रांचे काय झाले ते पाहावे. पांढरा एकच रंग, तोही तांदळाच्या पिठाचा. टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. गेरू वा शेणामातीने सारवलेली भिंत. आणि मोजके भौमितिक आकार, एवढ्या सामग्रीतून लग्नाचा चौक, झाडे, पेरणी, तारप्याभोवती फिरणारा नाच हे सारे उभे करायचे, हा वारली स्त्रियांपुढचा प्रश्न होता. एकमेकांच्या टोकावर उभे असलेले दोन त्रिकोण हे त्या प्रश्नाचे उत्तर. त्या कमरेच्या बिंदूमुळे देह वाकू शकतो, धावू शकतो, नाचू शकतो. जिव्या सोमा मशे यांनी हीच सामग्री भिंतीवरून कागदावर आणली आणि माशांच्या जाळ्यापासून मुंग्यांच्या रांगेपर्यंत तिच्याकडून नवी कामे करून घेतली. शाळेने यातून काय उचलले? दोन त्रिकोण. प्रश्न टाकून दिला, उत्तर घेतले आणि ते तयार रंगांनी पिशव्यांवर, माठांवर, स्नेहसंमेलनाच्या पडद्यांवर गिरवून घेतले. कोणत्याही मुलाला असे विचारले गेले नाही, की तुझ्याजवळ एकच रंग आणि तीन आकार असते तर तू बसथांब्यावरची रांग कशी दाखवली असतीस? हा प्रश्न विचारणे म्हणजे वारली परंपरेचा आदर करणे. त्रिकोण गिरवणे म्हणजे तिचा शिक्का करून टाकणे.

कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या रेखाकला परीक्षांचीही हीच गत आहे. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन ही त्यांची विभागणी मुळात उत्तम मर्यादांची यादी होऊ शकते. दिलेल्या आकारात दिलेल्या घटकांनी संकल्पचित्र भरणे हा तर अस्सल कलाप्रश्न आहे. परंतु दहावीच्या वाढीव गुणांचे आमिष लागले, मार्गदर्शक पुस्तके निघाली, आणि स्मरणचित्रासाठी डोक्यावर पाटी घेतलेली बाई व सायकलवरचा माणूस घोटून तयार ठेवले जाऊ लागले. स्मरणचित्रात स्मरण उरले ते पुस्तकाचे.

भाषेच्या तासाला वेगळे काही घडत नाही. मुद्द्यांवरून कथालेखन या प्रकारात मुद्दे असे दिले जातात, की कथा आधीच संपलेली असते. मुलाने फक्त अव्यये भरायची. छंदशास्त्राची कथा अधिक दुःखद आहे. माधव ज्यूलियनांनी ‘छंदोरचना’ सिद्ध करून मराठी छंदांचा अफाट संसार मांडला. शाळेने त्यातून ‘यमाताराजभानसलगम्’ हे सूत्र आणि पाच-दहा वृत्तांची लक्षणे तेवढी घेतली. विद्यार्थ्याने दिलेल्या चरणाचे गण पाडायचे आणि वृत्त ओळखायचे. भुजंगप्रयातात स्वतःची एक ओळ, वेडीवाकडी का होईना, रचून पाहा असे त्याला कोणी सांगत नाही. पोहण्याची परीक्षा पाण्याचे रासायनिक सूत्र विचारून घ्यावी, तसे हे आहे. वृत्त ही ओळखण्याची वस्तू झाली की ती मृत होते. मग मोरोपंत कृत्रिम वाटतात यात नवल काय?

मर्यादा आणि नमुना यांतील फरक वर्गातच तपासता येतो. अट पाळली गेली की नाही हे मुलाला शिक्षकाला न विचारता कळले पाहिजे. आठ अक्षरे बोटांवर मोजता येतात, ‘सुंदर’ मोजता येत नाही. अट माध्यमातून निघालेली असावी, आशयावर लादलेली नसावी; ‘देशभक्तीपर लिहा’ ही मर्यादा नव्हे, तो हुकूम आहे. उत्तर शिक्षकालाही आधी माहीत नसावे. आणि सकारण अट मोडणाऱ्या मुलाचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे, कारण नववे अक्षर का हवे हे ज्याला सांगता येते त्याला आठांचे मर्म कळलेले असते. शेवटची कसोटी सर्वांत सोपी. चाळीस मुलांची चाळीस उत्तरे समोर मांडावीत. ती एकमेकांसारखी दिसत असतील, तर अट कितीही कल्पक असो, तो नमुनाच होता.

७

एका भलत्या मित्रापासूनही या प्रमेयाला वाचवले पाहिजे. ‘मर्यादेतून सर्जनशीलता’ हे वचन अलीकडे व्यवस्थापनाच्या शिबिरांतून आणि शिक्षणखात्याच्या प्रशिक्षणांतून फिरू लागले आहे. तेथे त्याचा अर्थ होतो: साधने मागू नका. शाळेत रंग नाहीत? उत्तम, मुले कोळशाने काढतील. शिक्षक नाही? उत्तम, मुले स्वयंस्फूर्त होतील. मर्यादेचे तत्त्वज्ञान येथे टंचाईचे समर्थन बनते. हा गोंधळ जाणूनबुजून केलेला असतो. नंदलाल बोस यांनी १९३८ साली हरिपुरा काँग्रेससाठी हातकागदावर साध्या, स्थानिक साहित्यातून चित्रे रंगवली, तेव्हा त्यांनी पत्करलेली मर्यादा ही सर्व माध्यमे हाताळून झालेल्या कलावंताची निवड होती. ज्या मुलीने जलरंग पाहिलेलेच नाहीत तिचा कोळसा ही निवड नव्हे. मर्यादा म्हणजे असलेल्यातून काही काळ काही बाजूला ठेवणे. वंचना म्हणजे नसणे.

आणि ही वंचना कायद्यातच लिहून ठेवलेली आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी जे किमान निकष आहेत त्यांत विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांसाठी प्रत्येकी किमान एक शिक्षक सांगितला आहे. कलाशिक्षणासाठी मात्र अंशकालीन निदेशक, तोही पट शंभराच्या वर असेल तर. याचा सरळ अर्थ असा, की पटावर नव्वद मुले असलेल्या वाडीवस्तीवरच्या शाळेत कलेचा शिक्षक असण्याची कायद्याला गरज वाटत नाही. तेथे कोरा कागद हे तत्त्वज्ञान नसते. ती रिकाम्या तासाची सोय असते. ‘हवे ते काढा’ हे वाक्य बोलायला शिक्षक लागतच नाही. ‘फक्त फाडून दाखव’ असे सांगायला, आणि सांगितल्यावर मुलाने काय शोधले ते ओळखायला, जाणता शिक्षक लागतो. मुक्त अभिव्यक्तीचा पक्ष शासनाला इतका सोयीचा का, याचे उत्तर या खर्चाच्या हिशेबात आहे.

विद्यापीठांतील मराठी विभागांनी हा प्रश्न शिक्षणशास्त्राचा म्हणून झटकून टाकणे योग्य होणार नाही. पदव्युत्तर वर्गात रूपवाद, संरचनावाद, आकृतिबंध यांवर सत्रेच्या सत्रे खर्च होतात. घाट आणि आशय अभिन्न असतात हे वाक्य प्रत्येक उत्तरपत्रिकेत असते. ते लिहिणाऱ्यांपैकी किती जणांनी कधी एक ओळ आठ अक्षरांत बसवण्यासाठी एक शब्द बदलला आहे आणि त्या बदलाने अर्थ सरकलेला पाहिला आहे? ज्याने तो सरकताना पाहिला नाही त्याच्यासाठी घाटाची अभिन्नता हे ऐकीव मत राहते. तो ते मर्ढेकरांच्या नावाने किंवा याकोबसनच्या नावाने उद्धृत करील, एवढाच फरक. समीक्षेची परिभाषा पंचविसाव्या वर्षी आणि घाटाचा अनुभव कधीच नाही, अशी ही उलटी गंगा आहे. ती सुलट करायची तर सुरुवात विद्यापीठात होणार नाही. ती सातवीच्या वर्गात, बोटांवर अक्षरे मोजणाऱ्या मुलापासून करावी लागेल, आणि त्या मुलाजवळ उभे राहणारा पूर्णवेळ शिक्षक मागणे हे मराठीच्या प्राध्यापकांचेही काम आहे.